स्वल्प जाऊ दे

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर विजयनगरच्या राज्याचा नकाशा काढत होते. तुंगभद्रा अर्धी झाली होती. मुख्याध्यापिका स्वतः दाराशी आल्या, मला बाहेर बोलावून म्हणाल्या की कारखान्यातून फोन होता, तुमचे भाऊ टेबलाशी बसल्या बसल्या कोसळले, डॉक्टर यायच्या आत संपलं. मी बरं म्हटलं. आत गेले, तुंगभद्रा पुरी केली, मुलींना नकाशा उतरवून घ्यायला सांगितला आणि मग छत्री उचलून निघाले. हे मी फुशारकीने सांगत नाही आणि लाजेनेही नाही. आठ वर्षं ज्या भावाशी मी कामापुरतं बोलले, त्याच्या मरणाकडे माझे पाय एकदम धावले नाहीत, एवढंच खरं आहे.

या पुरवणीच्या संपादकांनी महिन्याभराने पत्र पाठवलं. डॉ. राघवेंद्ररावांसारख्या विद्वानाच्या भगिनी या नात्याने आठवणी लिहाव्यात, म्हणाले. मी उलट टपाली कळवलं की मी गोड लिहीन अशी खात्री देत नाही. ते म्हणाले, मनात असेल ते लिहा. तर घ्या. मल्लेश्वरममध्ये मराठी मंडळाच्या हॉलात शोकसभा झाली, तिथे गोड बोलून सगळ्यांनी आधीच घेतलेलं आहे. ज्ञानतपस्वी काय, ऋषितुल्य काय... एकाने तर डोळे पुसत सांगितलं की बंगळूरने त्यांची कदर केली नाही. मी पहिल्या रांगेत बसले होते. मनात म्हटलं, बंगळूर म्हणजे कोण हो? बारा वर्षांपूर्वी कॉलेजच्या कमिटीवर बसून त्याला हात हलवत परत पाठवणारे तुम्हीच ना? पण अशा वेळी बाईमाणसाने गप्प बसायचं असतं. मीही बसले आणि शेवटी हात जोडले.

आधी आमच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आम्ही बंगळूरचेच मराठी. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी फौजेबरोबर इकडे आला आणि राहिला, त्याचे आम्ही वंशज. आमची मराठी घरातली. बाहेर कन्नड, कचेरीत इंग्रजी, आणि चूल, देवघर, भांडण एवढं मराठीत. त्या मराठीत कन्नड कधी मिसळलं ते आमचं आम्हालाही ठाऊक नाही. ‘बरं’ म्हणायचं तिथे आम्ही ‘सरी’ म्हणतो. ‘जरा दार उघड’ असं तुम्ही म्हणता, आम्ही ‘स्वल्प दार उघड’ म्हणतो. आमच्या शेजारी जोशी म्हणून पुण्याचे इंजिनियर राहायला आले, सरकारी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या पत्नी पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची होते. मी पुढे होऊन म्हटलं, “काकू, स्वल्प बसा.” त्या बसल्या आणि पाचव्या मिनिटाला उठून गेल्या. कॉफी चुलीवर तशीच. नंतर कळलं, त्यांनी घरी जाऊन सांगितलं की या लोकांनी मला थोडाच वेळ बसा म्हणून तोंडावर सांगितलं. पुढे त्या आणि आई जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या, पण हा किस्सा त्या हळदीकुंकवाला दरवर्षी सांगायच्या आणि आम्ही दरवर्षी हसायचो. अण्णा तेव्हा विलायतेत होता.

तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. संस्कृत घेऊन पहिल्या वर्गात पास झालेला, स्वातंत्र्यानंतर चार वर्षांनी त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो इंग्लंडला गेला. काय शिकायला गेला हे घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. तो चार वर्षांनी परत आला तेव्हा सिटी स्टेशनवर आमची सगळी गल्ली हार घेऊन उभी होती. गाडीतून उतरला तो हडकुळा, गळ्यात मफलर, आणि ट्रंकेत पुस्तकंच पुस्तकं. आईला वाटलं होतं निदान एखादा बरा कोट तरी घेऊन येईल. माझ्यासाठी त्याने एक जुना ॲटलास आणला होता, रद्दीच्या दुकानातून उचललेला, पुठ्ठा सुटलेला. तो मांडीवर घेऊन मी रोज संध्याकाळी त्याच्यापाशी बसायची आणि तो मला तिथल्या ग्रंथालयाबद्दल सांगायचा. तिथली ती गोल खोली, हिरव्या दिव्यांची टेबलं, म्हातारे, पोरं, बाया शेजारी शेजारी बसून वाचतायत. एकदा म्हणाला, “सुमी, तिथे माणूस दिवसभर बसला तरी कुणी विचारत नाही की याचा उपयोग काय.” मी अठरा वर्षांची होते. ते वाक्य मी पदरात बांधून घेतलं. इतिहास घ्यायचा आणि त्या खोलीत जाऊन बसायचं, हे त्या दिवशी ठरलं माझं. म्हणजे खड्डा त्यानेच खणला आणि पुढे मला त्यात ढकललंही त्यानेच, हे सांगायचंय मला.

अण्णाचा विषय होता फिलॉलॉजी. शब्द कुठून आले, कसे बदलले, एका भाषेतून दुसरीत कसे शिरले, त्याचं शास्त्र. आमच्या गल्लीने ऐकलं ते फिजिऑलॉजी. विलायतेहून डॉक्टर होऊन आलाय म्हटल्यावर दुसरं काय ऐकणार? चौथ्या दिवशी समोरच्या पद्मक्का गळ्याची गाठ दाखवायला आल्या. मग कुणी पोटाचं विचारू लागलं, कुणी मुलाला उशीर का लागतोय बोलायला म्हणून आणलं, आणि त्या एका पोराच्या बाबतीत अण्णाला खरोखरच दोन शब्द सांगता आले. गंमत अशी की त्याने कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. अप्पा म्हणजे आमचे वडील, सेक्रेटेरियटमधून निवृत्त झालेले, मानी गृहस्थ. ते म्हणाले, राहू दे, एवढ्यात सांगू नकोस, आधी कुठे चिकटलास की मग सांगू. अण्णाने मानलं. दोन स्थळं आली ती याच गैरसमजावर, आणि एक तर अगदी याद्या करण्यापर्यंत गेलं. मुलीच्या वडलांनी सहज विचारलं की दवाखाना कुठे घालणार, तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाला, मी शब्दांचा डॉक्टर. ते गृहस्थ हसले, त्यांना वाटलं विनोद आहे. मग हसायचे थांबले आणि उपरणं सावरत उठले. अण्णाचं लग्न झालं नाही ते नाहीच. त्याची ही सवय लक्षात ठेवा. शब्द चुकीचा ऐकला गेलाय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं, आणि सोयीचं असलं की तो तसाच राहू द्यायचा.

नोकरीच्या बाबतीत बंगळूरने त्याचे जे हाल केले ते मी डोळ्यांनी पाहिलेत आणि त्याचा राग मला आजही आहे. भावाबद्दलचा राग वेगळा, हा वेगळा. गावात सगळीकडे कारखाने उभे राहत होते, विमानांचे, यंत्रांचे, टेलिफोनचे. ज्याच्या हातात डिप्लोमा त्याला घर, बस आणि कँटीन. आणि हा सहा भाषा येणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजं पालथी घालत होता. गणिताला जागा आहे, रसायनाला आहे, तुमच्या विषयाला... बघू, कळवू. एका कमिटीने विचारलं की या शास्त्राने देशाचं उत्पादन कसं वाढेल. तो घरी येऊन ते जसंच्या तसं सांगायचा, त्यांच्या आवाजात, आणि आम्ही हसायचो. मग तो जेवता जेवता मध्येच ताटावरून उठून जायचा. राज्यं भाषांवरून नव्याने पाडली गेली ते वर्ष होतं. सगळा देश भाषेवरून रस्त्यावर उतरला होता, आणि भाषेचं शास्त्र शिकून आलेल्या माणसाला गावात खुर्ची नव्हती. वर्तमानपत्र वाचून अप्पा एकदा हे बोलले, तेव्हा अण्णाने पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि त्यानंतर तो महिनाभर पेपरला शिवला नाही.

शेवटी जोशीकाकांनी त्याला कारखान्यात लावून घेतलं. यंत्रं जर्मनीहून आली होती आणि त्यांची जाडजूड पुस्तकं जर्मनमध्ये होती. अण्णाला जर्मन येत होतं, कारण त्याच्या शास्त्रातले निम्मे ग्रंथ त्या भाषेत. तर वेद आणि व्याकरण यांच्यासाठी शिकलेल्या त्या भाषेतून हा माणूस बेअरिंगला तेल कधी घालायचं आणि लेथचा पट्टा कसा बदलायचा याचं इंग्रजी करू लागला. एका खोलीत एक टेबल आणि एक कपाट. कारखान्यातले लोक त्याला ‘डिक्शनरी’ म्हणायचे. तोंडावर. आणि संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत त्याचा वर्ग भरायचा. जर्मनीला ट्रेनिंगसाठी जाणारे तरुण इंजिनियर, राजाजीनगरहून, जयनगरहून सायकली मारत यायचे आणि आमच्या जमखान्यावर बसून जर्मन घोकायचे. मी कॉफी द्यायची. एकदा एकाने विचारलं की ‘बिट्ट’ला आपल्याकडे काय म्हणायचं. अण्णा म्हणाला, पुस्तकात कृपया म्हणतात. पोरं हसली, कृपया तर फक्त पाटीवर असतं, कृपया थुंकू नये. मग अण्णाने विचारलं, “मग घरात आपण काय म्हणतो? विचार करून या.” कुणी विचार करून आलं नाही. त्यांची बोट ठरलेली होती, त्यांना फक्त स्टेशनवर तिकीट मागता यायला हवं होतं. त्यांचे अर्ज अण्णा लिहून द्यायचा, शिफारशी लिहायचा, गळाबंद कोट कुठे शिवावा तेही सांगायचा. किती पोरांना त्याने बोटीवर चढवलं त्याची गणती नाही. ती सगळी परत येऊन साहेब झाली. शोकसभेला मोटारीतून आली होती.

आता माझं सांगते. इतिहासात मी पहिली आले, सुवर्णपदक घेतलं आणि कुणालाही न विचारता इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाला पत्र लिहिलं. तिथल्या एका प्राध्यापिका बाईंनी सविस्तर उत्तर दिलं. मग अर्ज, मग निबंध, मग शिफारशी, वर्षभर हे चाललं आणि एक दिवस लखोटा आला. प्रवेश आहे, शिष्यवृत्ती आहे, राहण्याची सोय मुलींच्या वसतिगृहात आहे, अमुक महिन्याच्या आत होकार कळवा. मी पत्र घेऊन आधी देवघरात गेले, मग स्वयंपाकघरात, मग अप्पांच्या पुढे. अप्पांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून म्हणाले, राघवेंद्र जाऊन आलाय, तो सांगेल तसं. मला हसू आलं. म्हटलं झालंच की मग काम! जगात एकच माणूस मला नाही म्हणणार नव्हता आणि निर्णय त्याच्यावरच सोपवला होता. आईने त्याच दिवशी माझ्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला.

अण्णाने तीन दिवस घेतले. त्या तीन दिवसांत त्याने मला एक अक्षर विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्ग सुटला, पोरं सायकली काढून गेली, जमखाना अजून उचललेला नव्हता. अप्पा आरामखुर्चीत होते. अण्णा फळ्यावरची जर्मन क्रियापदं पुसत होता आणि पाठमोराच म्हणाला की मी विचार केला, जाऊ नये. मला आधी कळलंच नाही की तो माझ्याबद्दल बोलतोय. मग तो वळला आणि त्याने कारणं दिली, सगळी नीट रांगेत. परत येऊन काय करणार, हायस्कुलात शिकवणार, ते इथल्या डिग्रीवरही करता येतं. मोठी डिग्री घेऊन आलं की लहान काम मिळत नाही आणि मोठं काम आपल्यासाठी नसतं. मला बघ, म्हणाला. मी रडू लागले नाही. भांडले. म्हटलं तुला नोकरी मिळाली नाही म्हणून इतिहासाचा काय गुन्हा, माझा काय गुन्हा. तो ऐकत होता, हातात डस्टर तसंच. माझं बोलणं संपत आलं, दुसरं काही सुचेना, तेव्हा मी आवाज खाली केला आणि म्हटलं,

“अण्णा, मला स्वल्प जाऊ दे.”

त्याने डस्टर खाली ठेवलं. म्हणाला, “स्वल्प जाता येत नाही, सुमी. गेलं की माणूस सगळाच जातो. मी गेलो तसा.”

मी थोडंसं जाऊ दे म्हटलं होतं का? पुण्याच्या जोशीकाकूंनी पाच मिनिटांत उठून जावं तसं ते उत्तर होतं. ज्या घरात ‘स्वल्प पाणी दे’, ‘स्वल्प इकडे ये’ म्हणत आम्ही दोघं वाढलो, त्या घरातला हा माणूस चार वर्षं विलायतेत राहून घरचा शब्द विसरून आला होता. मला वाटलं तसं. आणि त्याला समजावून सांगण्याइतका जीव माझ्यात उरला नव्हता. तेवढ्यात अप्पा खुर्चीतून म्हणाले, “सरी.” एवढंच. आमच्याकडे सरी म्हटलं की विषय मिटतो. आईने आतून विचारलं, काय ठरलं? स्वेटर पुढे तिने उसवला आणि त्या लोकरीतून जोशीकाकूंच्या नातवाला टोपडं केलं.

नकाराचं पत्र मी माझ्या हाताने लिहिलं, पण मजकूर अण्णाने सांगितला. घरच्या परिस्थितीमुळे, अत्यंत खेदाने, आपल्या औदार्याबद्दल ऋणी. काय सुंदर इंग्रजी होतं त्याचं! स्वल्पविराम कुठे द्यायचा तेही तो सांगत होता. मी देत गेले. त्या बाईंचं उलट पत्र आलं, जागा एक वर्ष राखून ठेवते म्हणाल्या. ते पत्र मी कुणाला दाखवलं नाही. चीनचं युद्ध सुरू झालं तेव्हा ते मुदत उलटून गेलेलं पत्र मी ॲटलासात ठेवलं आणि ॲटलास माळ्यावर टाकला. मल्लेश्वरममधल्याच मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती. हायस्कुलात, अण्णा म्हणाला होता तशीच. लग्न मी केलं नाही, त्याचा दोष मात्र अण्णाला देत नाही, ते माझं मी ठरवलं.

लोक मला सांगतात, त्याने तुझ्या भल्यासाठी केलं गं. जो पोळला त्याने तुला विस्तवापासून वाचवलं. मला हे ऐकून संताप येतो. मला आठ वर्षं जे वाटत आलं ते आज लिहून टाकते. त्याला भीती होती. मी गेले असते, शिकून आले असते आणि मला चांगली जागा मिळाली असती, तर? तर दोष विषयाचा नव्हता, गावाचा नव्हता, त्याच्या नशिबाचाही नव्हता, तो त्याच्यातच होता, असं सिद्ध झालं असतं. आणि ते सिद्ध करायला त्याच्याच घरातली, त्याच्याच कॉफीचे पेले उचलणारी बहीण. हे त्याला सोसवलं नसतं. माझं चुकत असेल. पण तो हयात असताना मला हे चूक आहे असं त्याने कधी दाखवलं नाही.

मी सूड घेतला. तो सांगितला तर तुम्हाला हसू येईल. अण्णाने तेव्हापासून एक नवा उद्योग सुरू केला होता. आमची ही बंगळुरी मराठी कुणी लिहून ठेवलेली नाही, म्हणून तो शब्द टिपू लागला. कारखान्यातल्या रद्द पुस्तकांची पानं कापून त्याच्या चिठ्ठ्या करायच्या, पाठीमागे जर्मन मजकूर आणि स्क्रूची चित्रं, पुढे आमच्या आत्याबाईंचा शब्द. कारखान्यातल्या सुताराकडून त्याने पॅकिंगच्या फळ्यांची एक पेटी करून घेतली होती, छोट्या छोट्या खणांची, प्रत्येक खणावर अक्षर. घरात कुणी काही बोललं की हा कान टवकारायचा. भाजीवालीशी घासाघीस चालली की दाराआड उभा राहायचा. आणि मी काय केलं, तर त्याच्याशी घरची मराठी बोलणं बंद केलं. तुला घरचं बोलणं कळत नाही ना, मग घे पुस्तकातलं. “आपण भोजनास यावे.” “आपले टपाल मेजावर ठेविले आहे.” तो खोलीत आला की मी आईशी चाललेलं बोलणंही तोडायची. माझ्या तोंडचा एक शब्द त्याला मिळू द्यायचा नाही, हा माझा पण. आधी अप्पा गेले, दोन वर्षांनी आई गेली. घरात आम्ही दोघंच उरलो आणि आमचं घर म्हणजे एखादी जुनी क्रमिक पुस्तकाची प्रत झाली. शेवटच्या वर्षी एकदा, मी चहा ठेवून वळत होते, तेव्हा तो म्हणाला, “सुमी, घरचं बोल की गं.” मी म्हटलं, “क्षमस्व.” तो चष्मा पुसत बसला... ते मात्र मला आता राहून राहून आठवतं. बोलायला हवं होतं असं नाही म्हणत मी. आठवतं, एवढंच म्हणते.

तो गेल्यावर पुण्याहून एका प्राध्यापकांचं पत्र आलं. अण्णाचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता म्हणे. ती पेटी म्हणजे अनमोल ठेवा आहे, आम्ही ती विद्यापीठात नेऊ, संपादन करू, परदेशातले विद्वानही वाट पाहतायत. बघा, माणूस मेल्यावर त्याच्या विषयाला जागा निघाली. ते न्यायला येणार म्हणून मी पेटी पुसायला काढली आणि सहज एकेक खण बघू लागले. आईचे शब्द, आत्याचे, पद्मक्कांचे, सगळे त्याच्या त्या मुंगीच्या अक्षरात. खाली बोलणाऱ्याचं वय आणि प्रसंग, आणि प्रत्येकावर तारीख. माझं त्यात काही नसणार याची मला खात्री होती. आणि ‘स्व’च्या खणात ती चिठ्ठी निघाली. मी जशीच्या तशी उतरवते.

“स्वल्प. कन्नडमधून. अर्थ एक: थोडे. अर्थ दोन: विनंती, अशा वेळी ‘थोडे’ हा अर्थ उरत नाही. तुलना: जर्मन बिट्ट. उदाहरण: ‘अण्णा, मला स्वल्प जाऊ दे.’ बोलणारी व्यक्ती: घरातील स्त्री, वय तेवीस. आवाज खाली. टीप: ऐकणाऱ्याने अर्थ एक धरून उत्तर दिले. अर्थ दोन त्यास ठाऊक होता.”

तारीख त्याच दिवसाची. म्हणजे मी माझ्या खोलीत दार लावून उशीत तोंड खुपसून पडले होते, तेव्हा हा पुढच्या खोलीत बसून चिठ्ठी लिहीत होता. आठ वर्षं मी त्याची एकच गोष्ट माफ करत आले होते, की त्याला माझं बोलणं समजलं नाही. समजलं होतं. मी गयावया करतेय हे त्याला नीट समजलं होतं, त्याला दुसऱ्या भाषेतला जोडीचा शब्दही सापडला होता, आणि तरी त्याने पहिला अर्थ धरला, कारण दुसऱ्या अर्थाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी त्या पेटीशी फरशीवर बसून मोठ्याने रडले. रागाने रडले की कशाने, ते मला सांगता येणार नाही. चिठ्ठी फाडावी असं वाटलं. मग कबुली लिहायला त्याला दुसरी कुठली जागा नव्हती हेही वाटलं. सांगून ठेवते, याने मी त्याला माफ केलेलं नाही. फक्त आता काय माफ करायचं नाही ते मला नीट ठाऊक आहे.

त्याच्याच टाकाने मी ‘घरातील स्त्री’ खोडलं आणि वर लिहिलं, सुमित्रा व्यंकटराव, इतिहास. आणि चिठ्ठी जिथे होती तिथे घातली.

गेल्या रविवारी प्राध्यापक आले. सज्जन आहेत, माझ्याशी अदबीने बोलले, अण्णाची खोली चपला काढून पाहिली. टॅक्सीकडे पेटी नेताना एक कोपरा दाराच्या चौकटीला घासला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “स्वल्प जपून न्या हो.” या घराच्या पुढच्या खोलीत आठ वर्षांनी पहिल्यांदा. प्राध्यापक हसले. म्हणाले, “स्वल्प कशाला बाई, पूर्ण जपून नेतो.”

मी टॅक्सीचं दार लावलं. ‘स्व’चा खण पेटीत होताच, वाचतील तेव्हा कळेल.